शाळेत न गेलेले मौलाना आणि शाळेतले संविधान

नोव्हेंबर महिना आला की शाळांमध्ये उद्देशिकेच्या पाठांतराची गडबड सुरू होते. आमच्या घरातही तेच. पुतणी सातवीत आहे, उर्दू माध्यमात. संविधान दिनाच्या प्रकल्पासाठी तिने वहीत मौलाना अबुल कलाम आझाद यांचा फोटो चिकटवला आणि खाली माहितीचा तक्ता आखला. जन्म, गाव, वालिदचे नाव, शाळा, कॉलेज. पहिले तीन रकाने भरले आणि चौथ्यावर गाडी अडली. शाळेचे नाव कुठे सापडेना. मी तिला सांगितले की ते सापडणारच नाही, कारण मौलाना कुठल्या शाळेत गेलेच नव्हते. तिला काही ते पटले नाही. देशाचा पहिला शिक्षणमंत्री आणि शाळेत गेला नाही, हे कसं शक्य आहे, असा तिचा सवाल होता.

११ नोव्हेंबर हा मौलानांचा जन्मदिवस, राष्ट्रीय शिक्षण दिन. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन. मध्ये फक्त पंधरा दिवस. पण या दोन दिवसांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या दिवशी मौलानांच्या फोटोला हार, दुसऱ्या दिवशी उद्देशिकेचे वाचन, आणि काम संपले. म्हणून तिचा रिकामा रकाना भरता भरता जे बोलणे झाले, तेच इथे जरा नीट मांडतो आहे.

मौलानांचा जन्म १८८८ साली मक्का शरीफमध्ये झाला. वालिद मौलाना खैरुद्दीन हे मोठे आलिम आणि पीर, त्यांचे मुरीद बंगालपासून मुंबईपर्यंत पसरलेले. वालिदा अरब घराण्यातल्या, त्यामुळे घरातली पहिली भाषा अरबी. मौलाना लहान असतानाच कुटुंब कलकत्त्याला येऊन स्थायिक झाले. वालिदांचा इंग्रजी शिक्षणावर भरवसा नव्हता, आणि मुलाला बाहेरच्या मदरशात घालायलाही ते तयार नव्हते. आधी त्यांनी स्वतः शिकवले, मग एकेका विषयासाठी उस्ताद घरी बोलावले. जो अभ्यासक्रम पुरा करायला इतरांना पंचविशी गाठावी लागे, तो या मुलाने सोळाव्या वर्षी संपवला. मग वालिदांनी पंधराएक विद्यार्थी गोळा केले आणि त्यांना तत्त्वज्ञान, गणित आणि तर्कशास्त्र शिकवायला याच मुलाला बसवले.

त्याच सुमारास सर सय्यद अहमद खान यांचे लिखाण हाती पडले आणि आधुनिक विद्या शिकल्याशिवाय माणूस खऱ्या अर्थाने शिकलेला म्हणता येत नाही, ही गोष्ट मनात घर करून बसली. इंग्रजीची मुळाक्षरे एका मौलवींकडून शिकले. पुढचा रस्ता स्वतःच काढला. बायबलची इंग्रजी, फारसी आणि उर्दू भाषांतरे शेजारी ठेवून वाचायची, मग शब्दकोश घेऊन इंग्रजी वर्तमानपत्र. पीराच्या घरातला मुलगा हे सगळे करत होता. याच काळात घरातून वारशाने आलेल्या समजुतींबद्दल मनात शंका उठू लागल्या, आणि त्यातूनच त्यांनी आझाद हे टोपणनाव घेतले. जे फक्त वारशाने मिळाले ते डोळे मिटून मानणार नाही, असा त्याचा अर्थ. दीन सोडला असा अर्थ कोणी काढू नये. याच माणसाने पुढे कुरआनचे तर्जुमान लिहायला घेतले आणि आयुष्यभर त्याचा ध्यास सोडला नाही.

पुढची वर्षे भराभर सांगतो, कारण ती पुस्तकांत सापडतात. १९१२ मध्ये कलकत्त्याहून अल-हिलाल हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. दोन वर्षांत आठवड्याला २६ हजार प्रती निघू लागल्याचे मौलानांनीच नोंदवले आहे. सरकारने आधी २ हजार रुपयांची जामीन रक्कम मागितली, मग १० हजारांची, दोन्ही जप्त केल्या आणि पत्र बंद पाडले. मग अल-बलाग काढले. १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपारी झाली. मुंबईसह अनेक प्रांतांनी आधीच दारे बंद केली होती, म्हणून बिहारमध्ये रांचीला गेले आणि तिथे नजरकैदेत पडले. आता बघा, नजरकैदेत माणूस काय करेल? मौलानांनी तिथे १९१७ मध्ये मदरसा उभा केला. स्वतः कधी मदरशाच्या चटईवर न बसलेला माणूस दुसऱ्यांच्या मुलांसाठी पैसे जमवून वर्ग बांधत होता.

१९२० मध्ये सुटले, गांधीजींना भेटले, खिलाफत आणि असहकारात उतरले. १९२३ मध्ये दिल्लीच्या खास अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झाले तेव्हा वय पस्तीसही पूर्ण नव्हते. १९४० मध्ये रामगढला पुन्हा अध्यक्ष झाले आणि १९४६ पर्यंत राहिले. रामगढच्या भाषणात त्यांनी जे मांडले त्याचा आशय असा, की मुसलमान असण्याचा आणि हिंदुस्थानी असण्याचा त्यांना सारखाच अभिमान आहे आणि या दोन्हींत त्यांना कुठलाही झगडा दिसत नाही. दहा वर्षांनी हा देश ज्या कायद्यावर उभा राहिला, त्याचा पाया त्या भाषणात आधीच खणला गेला होता, असे मला वाटते.

आता आपल्या मातीतली गोष्ट. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर भारत छोडोचा ठराव झाला, तेव्हा अध्यक्षपदी मौलाना होते. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या पुढाऱ्यांना पकडून रेल्वेने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आणले आणि किल्ल्यात ठेवले. नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, आपले शंकरराव देव, अशी सगळी मंडळी एका अंगणाभोवतीच्या खोल्यांत. तिथे मौलाना पहाटे उठून स्वतःच्या हाताने चिनी चहा बनवत आणि आपले स्नेही मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. ही पत्रे तेव्हा पाठवता येत नव्हती. चहाबद्दल, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांबद्दल, अंगणात लावलेल्या फुलांबद्दल, खुदाबद्दल. पुढे गुबार-ए-खातिर या नावाने ती छापली गेली आणि उर्दू गद्यातला तो एक ऐवज ठरला. पहिल्याच दिवसांत त्यांनी हिशेब मांडला होता की आयुष्याचा सातवा हिस्सा कैदेत गेला आहे. आठवड्यातला एक दिवस म्हणा ना.

किल्ल्यात असतानाच कलकत्त्यात पत्नी जुलेखा बेगम आजारी पडल्या. तारा येत होत्या. सरकारकडे अर्ज करून भेटीची परवानगी मागता येईल, असे तुरुंगाधिकाऱ्यांनी सुचवले. मौलानांनी अर्ज केला नाही. ज्या सरकारला निघून जायला सांगितले, त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. एप्रिल १९४३ मध्ये बेगमसाहिबांचा इंतकाल झाला. शेवटचे दर्शन झाले नाही, कबरीवर जाता आले ते थेट १९४५ मध्ये सुटल्यावर. हे बरोबर केले की चूक, यावर आमच्या घरात दोन मते पडली. पुतणीच्या आईचे म्हणणे, अर्ज करायला हवा होता. मी गप्प राहिलो.

मग फाळणी झाली. मौलानांनी शेवटपर्यंत विरोध केला आणि ते हरले. सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्लीचे मुसलमान पुराना किला आणि हुमायूनच्या मकबऱ्यात जीव मुठीत धरून राहत होते, हजारो जण निघून जात होते. ऑक्टोबरमध्ये मौलाना जामा मशिदीच्या पायऱ्यांवर उभे राहिले. कौमवर रागावले, दुखावल्यासारखे बोलले, आणि ही जमीन तुमची आहे, पळून कुठे जाता, असा सवाल त्यांनी केला. अनेकांनी बांधलेली गाठोडी सोडली असे सांगतात.

मुलांना हे सांगताना मी एक गोष्ट मुद्दाम जोडतो. हे भाषण झाले तेव्हा संविधान तयार नव्हते. राहा, असे म्हणणाऱ्या माणसाच्या हातात दाखवायला एकही कलम नव्हते. ते कलम लिहिण्याचे काम त्याच शहरात, तिथून फार लांब नसलेल्या संविधान सभेच्या दालनात चालू होते, आणि मौलाना त्या सभेचे सदस्य होते. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि सात जणांच्या त्या समितीत आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्लाही होते. ९ डिसेंबर १९४६ ला सभेचे काम सुरू झाले, २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारले गेले. ३९५ कलमे, ८ परिशिष्टे. २४ जानेवारी १९५० ला २८४ सदस्यांनी सह्या केल्या. त्यांत मौलानांची सही आहे. आपल्या मुलांना वाटते की संविधान म्हणजे नागरिकशास्त्राच्या पेपरातले पाच मार्क, किंवा कुणीतरी आपल्याला दिलेली वस्तू. तर तसे नाही. ते लिहिले जात असताना आपली माणसे त्या दालनात बसलेली होती, बोलत होती, भांडत होती.

आणि हरतही होती. हा भाग शाळेत सांगितला जात नाही, म्हणून इथे थोडा थांबतो.

मौलाना स्वातंत्र्याच्या आधीपासूनच, जानेवारी १९४७ पासून, शिक्षण खाते सांभाळत होते. शाळेत धर्माचे शिक्षण असावे की नसावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे सगळ्यात आधी आला. जानेवारी १९४८ मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळापुढे त्यांनी आपला विचार ठेवला. शाळेने धर्म पूर्णपणे बाहेर ठेवला तरी आई-बाप मुलांना धर्म शिकवणारच. मग ते काम कमी शिकलेल्या, अरुंद मनाच्या लोकांच्या हाती जाईल. त्यापेक्षा शाळेतच उदार दृष्टीने, जाणत्या शिक्षकांकडून ते शिकवले जावे. असा त्यांचा कल होता. एका आलिमने, तेही शिक्षणमंत्र्याने, हे म्हणणे म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

संविधानाने दुसरा रस्ता घेतला. कलम २८ म्हणते की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण दिले जाणार नाही. ज्या शाळेला सरकारची मान्यता किंवा अनुदान आहे तिथे ते देता येते, पण कुठल्याही विद्यार्थ्यावर सक्ती करता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे आपल्या एखाद्या अनुदानित अल्पसंख्याक शाळेत दीनियातचा तास असेल, तर तिथे शिकणाऱ्या हिंदू मुलीला पालकांच्या मर्जीशिवाय बसवता येत नाही. आणि दुसऱ्या कुठल्या अनुदानित शाळेत दुसऱ्या धर्माचा तास असेल, तर आपल्या मुलालाही नाही. पुतणीला हे उदाहरण दिले तेव्हा तिने लगेच विचारले की मग हा नियम आपल्यासाठी आहे की आपल्याविरुद्ध. मी म्हटले, दोन्ही. तिला ते उत्तर आवडले की नाही, कळले नाही, पण ते तिने वहीत लिहून घेतले.

भाषेतही तसेच झाले. देशाची भाषा हिंदुस्तानी असावी, सर्वसामान्य माणूस बोलतो तशी, असे मौलानांचे मत होते. सप्टेंबर १९४९ मध्ये सभेने देवनागरीतली हिंदी स्वीकारली. त्या चर्चेत मौलाना दुखावले गेले होते आणि त्यांनी ते लपवले नाही. हिंदुस्तानीचे नाव उरले ते कलम ३५१ मध्ये, एका ओळीत. आठव्या परिशिष्टात मात्र १४ भाषा आल्या, त्यांत उर्दूही आहे आणि मराठीही. आपल्या घरातल्या दोन्ही भाषा एकाच यादीत शेजारी-पाजारी आहेत, हे मुलांना पान उघडून दाखवावे.

दोन मोठ्या गोष्टींत मनासारखे झाले नाही, तरी या माणसाने सही केली आणि पुढची आठ वर्षे त्याच संविधानानुसार खाते चालवले. कलम २९ आणि ३० नुसार धर्माच्या किंवा भाषेच्या आधारावर अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क मिळाला. आज महाराष्ट्रात अंजुमनच्या, ट्रस्टच्या ज्या शाळा आणि कॉलेजे आहेत, त्या या कलमाच्या जोरावर उभ्या आहेत. पण कलम २९ च्या दुसऱ्या भागाकडे आपण दुर्लक्ष करतो. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने फक्त धर्म, वंश, जात किंवा भाषा बघून कोणाला दार बंद करू नये, असे तिथे लिहिले आहे.

मंत्री म्हणून मौलानांनी काय काय उभे केले त्याची यादी मोठी आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग, १९५१ मध्ये खरगपूरला पहिली आयआयटी, १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग, संगीत नाटक, साहित्य आणि ललित कला या तीन अकादम्या. हे सगळे सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात असते. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती एक कमी बोलली गेलेली गोष्ट.

१९५१ च्या जनगणनेत देशातले साक्षर लोक होते फक्त १८ टक्क्यांच्या आसपास. आणि संविधानाने मत दिले सगळ्या प्रौढांना, शिकलेले असोत वा नसोत. पहिल्या निवडणुकीच्या यादीत १७ कोटींहून जास्त नावे होती. ज्याला स्वतःचे नाव वाचता येत नाही त्याच्या हातात सरकार बदलण्याची ताकद. काही लोकांना ही चूक वाटत होती. मौलानांना वाटले की आता शिकवण्याशिवाय गत्यंतर नाही. पण शिकवायचे काय? प्रौढ साक्षरतेच्या नुसत्या वर्गांवर त्यांचे समाधान नव्हते. त्यांनी सामाजिक शिक्षण हा शब्द पुढे आणला आणि त्यात तीन गोष्टी घातल्या. अक्षरओळख ही पहिली. दुसरी, पुस्तक वाचता आले नाही तरी जगाची समज येणे. आणि तिसरी, नागरिक म्हणून आपले हक्क काय आणि जबाबदाऱ्या काय, याचे जागते भान. म्हणजे आज आपण शाळेत संविधान शिकवा म्हणतो, ते मौलानांनी आधी शेतकऱ्याला, मजुराला आणि घरातल्या बाईला शिकवायला सांगितले होते. त्यांच्याच काळात नेमलेल्या मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये माध्यमिक शाळांच्या उद्दिष्टांत लोकशाहीला लायक नागरिक घडवणे ही गोष्ट अग्रभागी ठेवली. पाठांतराने ते होत नाही, मुलाला स्वतः विचार करता आला पाहिजे आणि दुसऱ्याचे ऐकून घेता आले पाहिजे, हा त्यामागचा विचार. तो अहवाल येऊन सत्तरहून जास्त वर्षे झाली आणि आपली मुले अजून उद्देशिका डोळे मिटून घोकतात. सार्वभौम म्हणजे काय, असे विचारून बघा एकदा.

एक वचन मात्र मौलानांच्या हयातीत पुरे झाले नाही. मूळ कलम ४५ मध्ये लिहिले होते की संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. म्हणजे मुदत १९६० ची. मौलाना मंत्री झाल्यापासून याच गोष्टीसाठी पैसे मागत होते, आणि खजिन्यात पैसे नव्हते. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती होऊन कलम २१ क आले, २००९ मध्ये कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वयाच्या मुलांचा तो हक्क ठरला. दहा वर्षांचे काम साठ वर्षांनी. त्याच दुरुस्तीने पालकांवरही मूलभूत कर्तव्य म्हणून जबाबदारी टाकली, मुलाला शिकण्याची संधी देण्याची. गॅरेजवर, हॉटेलात, भंगाराच्या दुकानात बारा वर्षांचा पोरगा दिसला की मला ही कलमे आठवतात. आपल्या वस्त्यांत तो जरा जास्तच दिसतो.

२२ फेब्रुवारी १९५८ ला दिल्लीत मौलानांचा इंतकाल झाला. ते अजून मंत्री होते आणि गुडगावमधून निवडून आलेले खासदार. जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्या मधल्या मैदानात त्यांना दफन केले गेले. ज्या पायऱ्यांवरून त्यांनी लोकांना थांबवले होते, त्या तिथून दिसतात. मागे मुले नव्हती. मालमत्ता म्हणावी असे फारसे काही नव्हते. पुस्तके होती, हजारोंनी, अरबी, फारसी, उर्दू आणि इंग्रजी. तो संग्रह भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेकडे गेला, जी त्यांनीच १९५० मध्ये सुरू केली होती. भारतरत्न १९९२ मध्ये मरणोत्तर मिळाले.

पुतणीने शेवटी शाळेच्या रकान्यात घर असे लिहिले आणि कॉलेजच्या रकान्यात बराच विचार करून अहमदनगर किल्ला. बाईंनी त्यावर लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढून वही परत पाठवली आहे. सोमवारी वर्गासमोर उभे राहून ती त्याचे कारण सांगणार आहे, आणि गुबार-ए-खातिरमधल्या चिमण्यांचा भाग तिला माझ्याकडून पुन्हा एकदा ऐकायचा आहे.